ओलांडता न येणाऱ्या वाटा : प्रस्तावना

एक नळी घ्या. ती इतकी अरुंद की आतल्या दोन कणांना एकमेकांच्या शेजारून जाता येत नाही. उष्णतेमुळे कण सतत हलत राहतात, कधी डावीकडे सरकतात, कधी उजवीकडे. पण आत शिरताना जो ज्याच्या मागे होता तो कायम त्याच्याच मागे राहतो. अशा नळीतला एखादा कण तासाभरात किती लांब जाईल? दिवसभरात किती? हे पुस्तक या एका प्रश्नावर आहे.

प्रश्न लहान दिसतो, पण त्याची व्याप्ती मोठी आहे. केळीच्या मुळाच्या पेशीत शिरणारं पाणी अशा वाटेने जातं. आपल्या मज्जातंतूंतलं पोटॅशियम अशाच वाटेने बाहेर पडतं. पेट्रोरसायन उद्योगातल्या झिओलाइट उत्प्रेरकांमधले रेणू अशाच वाटांतून ये-जा करतात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या तिन्ही विषयांचे अभ्यासक वेगवेगळ्या दिशांनी येऊन या प्रश्नापाशी भेटले. गणितज्ञांनी त्याचं उत्तर 1965 साली कागदावर सिद्ध केलं, आणि प्रयोगात ते स्वच्छ दिसायला आणखी 35 वर्षं गेली. मराठीत या विषयावर सलग वाचायला मिळावं, आणि तेही अकरावी-बारावीचं विज्ञान शिकलेल्या कुणालाही कळेल अशा रीतीने, म्हणून हे पुस्तक लिहिलं.

ते अर्धापुरात लिहिलं गेलं, यालाही कारण आहे. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी आणि खाली काळी जमीन, यांच्या जोरावर अर्धापूर, मुदखेड, भोकर या भागात केळीच्या बागा उभ्या आहेत. इथे दोन माणसं भेटली की पाण्यावर बोलतात. आवर्तन कधी सुटणार, ठिबक किती तास चालवायचं, विहिरीला किती परस पाणी आहे, ही बोलणी मुळाशी येऊन थांबतात. पाणी मुळाशी पोचलं म्हणजे झाडाला मिळालं, असं आपण धरून चालतो. मुळाच्या आत, पेशीच्या पडद्यातून जाताना, त्या पाण्याला एकामागे एक अशी ओळ धरावी लागते, आणि ही ओळ झाड स्वतः बंदही करू शकतं, हे कळल्यावर बागेत उभं राहण्याची नजर बदलते. ती नजर वाचकाला मिळावी ही या लेखनामागची इच्छा आहे.

आधी मोकळ्या जागेतल्या कणाबद्दल थोडं. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1827 साली परागातले बारीक कण पाण्यात न थांबता थरथरताना पाहिले. त्या थरथरीचा हिशेब आइन्स्टाइनने 1905 साली मांडला. कणाला चहूबाजूंनी पाण्याचे रेणू धडकत असतात आणि तो दिशाहीन चालत राहतो. अशा चालीत अंतर वेळेच्या प्रमाणात वाढत नाही; अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट लांब जायला चौपट वेळ लागतो, दहापट लांब जायला शंभरपट. पाण्यातला पाण्याचाच एक रेणू 25 अंश सेल्सिअसला एका ठरावीक दिशेत सेकंदाला सरासरी 0.07 मिलिमीटर इतका भटकतो, 0.7 मिलिमीटर जायला त्याला 100 सेकंद लागतात. या चालीला विसरण म्हणतात. थंड, स्थिर पाण्यात साखर न ढवळता पसरते ती याच नियमाने.

आता ओलांडायची सोय काढून घेऊ. केळीच्या काढणीच्या दिवसांत दोन बागांमधल्या पांदणीत घडांनी भरलेले टेम्पो एकामागे एक उभे राहतात. पांदण एका गाडीपुरतीच रुंद असते. मधल्या टेम्पोला पुढे जायचं तर त्याच्या पुढचा सरकला पाहिजे, त्याच्या पुढचा त्याहून आधी सरकला पाहिजे. मागे घ्यायचं तरी तेच. मधल्या चालकाचं इंजिन कितीही दणकट असो, त्याच्या हालचालीवर साऱ्या रांगेची सत्ता असते. या उदाहरणात एकच दुरुस्ती करायची: आपल्या कणांना कुठे जायचं आहे हे ठाऊक नसतं. ते उष्णतेच्या धक्क्यांनी पुढे-मागे होतात आणि शेजाऱ्याला भिडून परततात.

अशा ओळीत कणाची भटकंती किती मंदावते, याचं उत्तर मिळवायला अवघड गणित लागत नाही. समजा काही वेळ गेला. तेवढ्या वेळात एका कणाच्या हालचालीचा परिणाम दोन्ही बाजूंना काही अंतरापर्यंतच पोचतो, आणि हे अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, कारण दाटी पसरते ती साध्या विसरणानेच. त्या पट्ट्यात जितके कण येतात तितक्यांना एकत्र सरकवल्याखेरीज आपला कण लांब जाऊ शकत नाही. कणांचा गट एकत्र सरकतो तेव्हा प्रत्येकाला बसणारे धक्के एकमेकांना बरेचसे मारून टाकतात, म्हणून दहा जणांच्या गटाच्या विस्थापनाचा वर्ग एकट्या कणाच्या दहाव्या भागाइतका भरतो. पण इथे गटही वेळेबरोबर मोठा होत जातो. वेळ शंभरपट झाला की गट दहापट होतो. शंभराला दहाने भागा. विस्थापनाचा वर्ग शंभरपट वाढण्याऐवजी दहापटच वाढतो. म्हणजे तो वेळेच्या प्रमाणात न वाढता वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, आणि खुद्द अंतर वेळेच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. एखादं अंतर जायला कणाला एक मिनिट लागत असेल, तर मोकळ्या विसरणात दुप्पट अंतराला 4 मिनिटं आणि दहापट अंतराला 100 मिनिटं लागतील. ओळीत अडकलेल्या कणाला दुप्पट अंतराला 16 मिनिटं लागतील, आणि दहापट अंतराला 10,000 मिनिटं, म्हणजे जवळपास सात दिवस. ओळ जितकी दाट तितकी गती कमी. दाटी दुप्पट झाली तर विस्थापनाचा वर्ग निम्मा होतो. या चालीला या पुस्तकात मी एकरांगी विसरण म्हटलं आहे.

इथवर आल्यावर वाचकाला वाटेल की नळीत सगळंच मंदावतं. तसं नाही, आणि या विषयाचा गाभा इथेच आहे. टी. ई. हॅरिस या गणितज्ञाने 1965 साली हा नियम सिद्ध केला. त्यामागची कल्पना कुणालाही सांगता येईल इतकी सोपी आहे. दोन सारखे, अगदी बारीक कण समोरासमोर आले. ते धडकून परत फिरले असं समजा. किंवा ते एकमेकांच्या आरपार गेले आणि जाता जाता त्यांनी नावं बदलून घेतली असं समजा. दोन्ही प्रसंगांची छायाचित्रं काढली तर त्यांत तसूभरही फरक नसेल. म्हणजे नावं विसरून नुसत्या जागा पाहिल्या, तर ओळीतले कण आणि एकमेकांची पर्वा न करता भटकणारे मोकळे कण यांच्यात भेदच करता येत नाही. नळीत एका ठिकाणी कणांची दाटी केली तर ती साध्या विसरणाच्याच वेगाने पसरेल. मंदावतो तो खूण केलेला एक कण. गर्दीला वाट पुरते. गर्दीतल्या एकाला ती पुरत नाही.

हा फरक ओळखणं हीच या विषयाची गुरुकिल्ली आहे. नळीतून किती कण गेले हा एक प्रश्न, आणि हा अमुक कण किती लांब गेला हा दुसरा. मोकळ्या जागेत दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून आपल्याला ते वेगळे प्रश्न आहेत हेही जाणवत नाही. वाट अरुंद झाली की ते वेगळे होतात. पुढल्या प्रत्येक प्रकरणात, मग ते मज्जातंतूवर असो, मुळावर असो वा दगडावर, मी वाचकाला पहिल्यांदा हेच विचारायला सांगितलं आहे: इथे मोजलं जातंय ते गर्दीचं की एकाचं?

प्रयोगात ही गोष्ट पहिल्यांदा हाती लागली ती एका समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूत. ॲलन हॉजकिन आणि रिचर्ड कीन्स यांनी 1955 साली सेपिया या माखळीसारख्या प्राण्याचे जाड मज्जातंतू घेतले. पेशीचा ऊर्जेवर चालणारा पंप त्यांनी डायनायट्रोफिनॉल देऊन बंद पाडला, म्हणजे पोटॅशियमची ये-जा फक्त आपोआप होणाऱ्या वाटांनी होईल. मग किरणोत्सारी पोटॅशियमची खूण लावून आत जाणारे आणि बाहेर येणारे आयन वेगवेगळे मोजले. आयन एकमेकांपासून स्वतंत्रपणे जात असतील तर या दोन ओघांचं गुणोत्तर किती यावं, हे हान्स उसिंगने 1949 साली सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात मिळालेलं गुणोत्तर त्या अपेक्षित संख्येच्या सुमारे 2.5 व्या घाताइतकं आलं. मोठ्या ओघाविरुद्ध जाणारा आयन अपेक्षेहून फारच कमी वेळा पलीकडे पोचत होता.

याचं कारण पटवण्यासाठी त्यांनी केलेली गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत आवडते. त्यांनी दोन उथळ कप्पे घेतले, त्यांत पोलादी गोळ्या ठेवल्या, एका कप्प्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त, आणि मधे एका गोळीपुरती फट ठेवून तो सगळा साचा मोटरने हलवत ठेवला. फट आखूड असताना दोन्ही दिशांनी जाणाऱ्या गोळ्यांचं प्रमाण कप्प्यांतल्या संख्येप्रमाणे आलं. फट लांब करून तिच्यात एकामागे एक काही गोळ्या मावतील असं केल्यावर, कमी गोळ्यांच्या कप्प्यातून पलीकडे जाणं फार दुर्मीळ झालं. फटीतली गोळी पलीकडे पडायची तर तिच्या मागून एकाच दिशेने लागोपाठ कित्येक धक्के बसावे लागतात. जिकडे गर्दी जास्त तिकडूनच असे धक्के लागोपाठ येतात. मज्जातंतूच्या पडद्यात अरुंद वाटा आहेत आणि त्यांत दोन-तीन आयन ओळीने उभे असतात, हा निष्कर्ष त्यांनी कोणतीही वाट डोळ्यांनी न पाहता काढला. पोटॅशियम वाहिनीची रचना रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 साली क्ष-किरणांनी दाखवली, तेव्हा तिच्या सुमारे 1.2 नॅनोमीटर लांबीच्या चिंचोळ्या भागात पोटॅशियमच्या जागा खरोखरच ओळीने निघाल्या. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पोलादी गोळ्यांनी जे आधी सांगितलं ते 43 वर्षांनी दिसलं.

मॅकिनन यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते पीटर ॲग्रे यांच्यासोबत. ॲग्रे यांनी 1992 साली पेशीच्या पडद्यातली पाण्याची वाहिनी ओळखली होती. तिला ॲक्वापोरिन म्हणतात. तिचा सर्वांत चिंचोळा भाग सुमारे 0.28 नॅनोमीटर रुंद आहे, आणि पाण्याचा रेणूही साधारण तेवढाच. म्हणून पाणी तिच्यातून एकेक रेणूने जातं, आणि तरीही एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे 3 अब्ज रेणू जातात. वाहिनीच्या मधोमध रेणूंना असं वळवलं जातं की त्यांच्यातली हायड्रोजन बंधांची साखळी तुटते. त्यामुळे पाणी जातं, पण साखळीवरून घरंगळणारे प्रोटॉन जाऊ शकत नाहीत. पेशीची आम्लता जपली जाते ती यामुळे.

गर्दी आणि एक यांतला फरक या वाहिनीत मोजता येतो. बाहेर पाणी आणि आत क्षार-साखरेचं द्रावण असेल तर सगळी ओळ एका दिशेने सरकते; हा झाला गर्दीचा वेग. दोन्हीकडे सारखंच पाणी ठेवून एका बाजूच्या रेणूंना खूण लावली, तर खूण केलेला रेणू पलीकडे किती वेळाने जातो हे कळतं. हा झाला एकाचा वेग. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की येणारी संख्या साधारण ओळीत उभ्या असलेल्या रेणूंच्या संख्येइतकी असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या नळीत किती जण उभे आहेत हे असं बाहेरून मोजता येतं.

आता केळीच्या मुळाकडे येऊ. मुळाच्या बाहेरच्या थरात पाणी पेशींच्या भिंतींतून, म्हणजे पेशीत न शिरताही जाऊ शकतं. पण आतल्या एका थरापाशी भिंतींत मेणासारख्या द्रव्याची पट्टी असते आणि तिथे ही बाहेरची वाट बंद होते. तिथून पुढे जायचं तर पेशीच्या पडद्यातून जावं लागतं, आणि त्या पडद्यात ॲक्वापोरिन बसवलेली असतात. झाड ती उघडतं आणि मिटतंही. फ्रान्समधल्या मोंपेलिए इथल्या संशोधकांनी 2003 साली ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहानशा रोपात दाखवलं की मुळाला ऑक्सिजन मिळेनासा झाला की पेशीतला रस आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लतेने ॲक्वापोरिन मिटतात. जमीन चिबडली, पाणी साचलं की पीक पाण्यात उभं असून सुकल्यासारखं दिसतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. त्या दृश्यामागच्या कारणांतलं एक असं आण्विक पातळीवर सापडलं. केळीतही याच कुळातली प्रथिनं आहेत. मुंबईत तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टी. आर. गणपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीचं मुसापिप 1;2 हे ॲक्वापोरिन केळीच्याच रोपांत जास्त प्रमाणात तयार होईल असं केलं. ती रोपं दुष्काळ, खारटपणा आणि थंडी यांना अधिक तग धरून राहिली, असं त्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलं. एकामागे एक जाणाऱ्या रेणूंचा हा अभ्यास मराठवाड्याच्या बांधापासून किती जवळ आहे, हे सांगायला याहून दुसरं उदाहरण लागू नये.

ओळीत चालणाऱ्या कणांचं एक घर सजीव पेशीचं, तर दुसरं घर दगडाचं. महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे. लाव्ह्यापासून बनलेल्या त्या बेसाल्ट खडकातल्या पोकळ्यांत पुढे गरम पाण्यातून जे स्फटिक तयार झाले त्यांत झिओलाइट पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडताना त्यांचे सुंदर नमुने निघाले आणि जगभरच्या संग्रहालयांत गेले. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या खाणी आजही त्यासाठी प्रसिद्ध आहेत. झिओलाइटच्या स्फटिकात अणूंच्या मांडणीतच नियमित आकाराच्या नळ्या असतात. मोर्डेनाइट या दख्खनमध्ये सापडणाऱ्या झिओलाइटच्या मुख्य नळ्या एकाच दिशेने जातात आणि सुमारे 0.65 ते 0.70 नॅनोमीटर रुंद असतात.

अशा पदार्थांचा औद्योगिक उपयोग उत्प्रेरक म्हणून होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1980 च्या दशकात पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली झिओलाइट उत्प्रेरकांवर जे काम झालं ते देशातल्या कारखान्यांपर्यंत पोचलं. या उद्योगात एकरांगी विसरणाला थेट किंमत आहे. नळ्या एकमेकींना न मिळणाऱ्या आणि एका दिशेच्या असतील तर आत तयार झालेला रेणू बाहेर पडायला आणि कच्चा रेणू आत यायला एकच वाट असते. स्फटिकाच्या मधल्या भागाचा उपयोगच होत नाही. काम होतं ते तोंडापाशी. आणि तोंडाशी काजळी साचली की आतली सगळी नळी वाया जाते. झेडएसएम-5 सारख्या झिओलाइटमध्ये नळ्या एकमेकींना छेदतात, म्हणून रेणूला वळसा घालता येतो.

दगडातला नियम सिद्ध करणं मात्र कठीण गेलं. एएलपीओ-5 या कृत्रिम स्फटिकाच्या सरळ नळ्या सुमारे 0.73 नॅनोमीटर रुंद आहेत. मिथेनच्या रेणूचा व्यास साधारण 0.38 नॅनोमीटर. दोन रेणू शेजारी-शेजारी उभे केले तर 0.76 होतात, म्हणजे ओलांडणं जवळजवळ अशक्य, पण अगदीच अशक्य म्हणता येईना. अमेरिकेतल्या मिनेसोटात 1994 साली या नळ्यांत मिथेनचं साधं विसरण मोजलं गेलं. योर्ग केर्गर यांच्या लाइपझिगच्या गटाने त्याच पद्धतीने, म्हणजे चुंबकीय अनुनादाने, 1996 साली एकरांगी विसरण मोजलं. थोड्या मोठ्या कार्बन टेट्राफ्लुओराइडच्या रेणूवर वाद कमी झाला. स्फटिकातला एखादा दोष, नळीची लांबी, मोजायला दिलेला वेळ, यांतल्या कशानेही उत्तर बदलू शकतं. नियम सुंदर असला तरी निसर्गात तो कुठे लागू आहे हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं. पुस्तकातलं झिओलाइटचं प्रकरण त्यासाठी मुद्दाम सविस्तर ठेवलं आहे.

निःसंदिग्ध पुरावा आला तो 2000 साली, जर्मनीतल्या कोन्स्टान्झ इथून. क्यू. एच. वेई, क्लेमेन्स बेखिंगर आणि पॉल लायडरर यांनी काचेवर वर्तुळाकार चर कोरले, त्यांत सुमारे 3.6 मायक्रोमीटर व्यासाचे चुंबकीय कण पाण्यात सोडले आणि चुंबकीय क्षेत्राने ते एकमेकांना दूर ढकलतील असं केलं. कण इतके मोठे की सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाला ओळखता येतं. तासन्‌तास त्यांचा माग काढला, आणि विस्थापनाचा वर्ग वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढताना दिसला. हॅरिसच्या गणितातला ‘खूण केलेला कण’ डोळ्यांसमोर आला तो असा.

विषयाचा तिसरा भाग आहे ढकलल्या जाणाऱ्या, म्हणजे एकाच दिशेने सरकणाऱ्या ओळींचा. पेशीत प्रथिन तयार होताना रायबोसोम एका लांब धाग्यावरून एकाच दिशेने सरकतात आणि पुढच्याला ओलांडू शकत नाहीत. मॅकडोनाल्ड, गिब्ज आणि पिपकिन यांनी 1968 साली यासाठी एक साधं प्रतिमान मांडलं: घरांची ओळ, प्रत्येक घरात फार तर एक कण, आणि पुढचं घर रिकामं असेल तरच पुढे उडी. पाऊण घरं भरली तर ओघ कमी, पाव घरं भरली तरीही तितकाच कमी. घरं निम्मी भरलेली असताना ओघ सर्वांत जास्त असतो. रिकामी जागा ही इथे कणाइतकीच कामाची वस्तू आहे.

या प्रतिमानावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पायाभूत काम झालं आहे. दीपक धर यांनी 1987 साली त्याच्याशी जोडलेल्या एका प्रतिमानाचं नेमकं उत्तर काढलं. सत्य मजुमदार आणि मुस्तनसीर बर्मा यांनी 1991 साली, ढकलल्या जाणाऱ्या ओळीतल्या खूण केलेल्या कणाचे चढउतार कसे वाढतात याचा अभ्यास केला. धर पुढे पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत आले. 2022 साली त्यांना सांख्यिकी भौतिकीतलं बोल्ट्झमन पदक मिळालं आणि ते मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. टाटा संस्थेतलेच त्रिदीब साधू यांनी 2014 साली पॉल क्रापिव्हस्की आणि किरोन मलिक यांच्यासह एकरांगी विसरणातल्या दुर्मीळ मोठ्या विस्थापनांचा हिशेब मांडला. त्या सुमाराच्या कामांतून पुढे आलेली एक गोष्ट थक्क करणारी आहे. सुरुवातीला कण समान अंतरावर मांडले, तर कणाच्या विस्थापनाचा वर्ग, ते कसेही विखुरले असताना येतो त्यापेक्षा 2 च्या वर्गमुळाइतक्या पटीने कमी राहतो. आणि हा फरक कितीही काळ लोटला तरी मिटत नाही. मोकळ्या जागेतला कण आपली सुरुवात विसरतो. ओळीतला कण ती विसरत नाही.

कारणही हाताशी आहे. ओळीतला कण पुढे सरकला की त्याच्या मागे मोकळी जागा राहते आणि पुढे दाटी होते. पुढचा धक्का त्याला मागेच नेण्याची शक्यता जास्त. साध्या विसरणात कणाला कालचं पाऊल आठवत नाही. इथे ती आठवण कणात नसते, त्याच्या शेजाऱ्यांच्या मांडणीत असते, आणि शेजारी हटू शकत नाहीत म्हणून ती टिकते.

हे सगळं वाचून पटावं यापेक्षा करून पटावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी प्रयोगशाळा नको. चौकटीच्या वहीत वीस घरांचा एक पट्टा आखा आणि त्याची दोन्ही टोकं जोडलेली आहेत असं समजा. एक सोडून एक घरात ज्वारीचे दहा दाणे ठेवा आणि त्यातल्या एकाला रंग लावा. दाण्यांना क्रमांक द्या. प्रत्येक वेळी चिठ्ठी टाकून एक दाणा निवडा आणि नाणं उडवा; छापा आला तर उजवीकडे, काटा आला तर डावीकडे, आणि ते घर भरलेलं असेल तर दाणा जागीच. रंगीत दाण्याची जागा वहीत नोंदत जा. मग रिकाम्या पट्ट्यावर एकटाच दाणा घेऊन तेच करा. एका विद्यार्थ्याच्या नोंदींतून काही दिसणार नाही, पण वर्गातल्या चाळीस जणांच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढली की दोन वेगळे वक्र उमटतात. पट्टा लहान असल्याने पुरेशा काळानंतर सगळी ओळ मिळून सरकू लागेल आणि साधा नियम परत येईल. तेही आपण मोजावं. ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांच्यासाठी हेच काम करणाऱ्या छोट्या आज्ञावली शेवटच्या प्रकरणात दिल्या आहेत.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडक्यात. पहिली दोन प्रकरणं विसरण आणि ओळ यांची आहेत; त्यांत वर्गमुळापलीकडचं गणित नाही. पुढची तीन मज्जातंतू, मूळ आणि दगड यांची. ती कोणत्याही क्रमाने वाचता येतील. त्यानंतर ढकललेल्या ओळी, आणि शेवटी आज खुले असलेले प्रश्न. कार्बनच्या नॅनोनळ्यांतलं पाणी हा त्यांतला एक. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे नळीतली साखळी एकत्रच सरकते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 2007 साली संगणकावर केलेल्या अभ्यासात एकमेकांना न ओलांडणाऱ्या अशा रेणूंतही साधं विसरण दिसलं ते यामुळे. एकमेकांना ओलांडता येत नाही एवढ्यावर सगळं ठरत नाही. एकमेकांशी नातं काय आहे यावरही ठरतं. स्वतःच्या जोरावर चालणारे कण, जसे जिवाणू, अशा वाटांत कसे वागतात, नळीची रुंदी कुठे कमी कुठे जास्त असेल तर काय, अधूनमधून ओलांडू देणारी वाट असेल तर नियम कधी बदलतो, या प्रश्नांवर काम चालू आहे.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नांकडे लांबचे म्हणून पाहू नये. पोलादी गोळ्या, हलणारा एक साचा आणि नेमका प्रश्न एवढ्या सामग्रीवर हॉजकिन आणि कीन्स यांनी न दिसणाऱ्या नळीत किती आयन उभे आहेत हे सांगितलं. हॅरिसला कागद-पेन्सिल पुरली. अर्धापूरच्या शाळेत, नांदेडच्या महाविद्यालयात, लातूरच्या शिकवणीतही तेवढं साहित्य असतंच. खुल्या प्रश्नांपैकी काहींना आजही त्याहून फारसं जास्त लागत नाही. लागतो तो प्रश्न नीट विचारण्याचा सराव, आणि गर्दीचं उत्तर एकाच्या माथी न मारण्याची सवय. हे पुस्तक वाचून एका जरी वर्गात चाळीस जणांच्या नोंदींतून तो दुसरा वक्र उमटला, आणि तो पहिल्यापेक्षा वेगळा का, असं एखाद्या मुलीने किंवा मुलाने शिक्षकांना अडवून विचारलं, तर ते लिहिण्याचं काम झालं असं मी समजेन.

अर्धापूर, जि. नांदेड